ध्वनिमुद्रणातील काटकसर आणि तिची मर्यादा

चतुर्थीच्या दिवसांत गोव्यातील वाड्यावाड्यांवर घुमट-आरती रंगते. घुमट आणि शामेळ यांच्या ठेक्यावर कासाळ्याची किणकिण चढत जाते, आणि कोणी हौशी तरुण ती आरती मोबाइलवर मुद्रित करून घेतो. चार हातांतून फिरून आलेली तीच आरती पुढे ऐकली, तर कासाळ्याच्या जागी बुडबुड्यांसारखी खळखळ ऐकू येते आणि घुमटावरील थाप बोथट झालेली आढळते. हा दोष गायकांचा नव्हे आणि वादकांचाही नव्हे. तो साठवणुकीत केलेल्या काटकसरीचा होय.

आवाज अंकांच्या रूपात साठविताना त्याची मोजणी करावी लागते. कॉम्पॅक्ट डिस्कवर ही मोजणी प्रत्येक सेकंदात ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिले जाते. डाव्या व उजव्या बाजूचे मिळून दर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. म्हणजे एका मिनिटास सुमारे १ कोटी ६ लाख बाइट जागा लागते. एमपी-थ्री पद्धतीत दर सेकंदाला १२८ किलोबिट एवढीच मर्यादा घातली, तर तेच मिनिट ९ लाख ६० हजार बाइटांत मावते. अकरा भागांपैकी जेमतेम एक भाग उरतो. दर सेकंदाला किती बिट खर्च करावयाचे, या मर्यादेस 'बिटरेट' म्हणतात.

उरलेले दहा भाग टाकूनही गाणे ओळखू येते, याचे कारण मानवी कानाच्या स्वभावात आहे. ढोल वाजत असताना शेजारची कुजबुज ऐकू येत नाही. मोठा आवाज आपल्या आसपासच्या स्वरांतील लहान आवाज झाकून टाकतो. संकोचनाची पद्धती नेमका हाच हिशेब करते. जे कानाला कळणार नाही, त्यावर ती कमी बिट खर्च करते. जे कळेल, त्यावर अधिक. बिटरेट हे एक प्रकारे प्रत्येक क्षणाचे अंदाजपत्रकच होय.

अंदाजपत्रक तोकडे पडले म्हणजे आवश्यक खर्चालाही कात्री लावावी लागते. प्रथम अतिशय उंच स्वर गाळले जातात, त्यामुळे झांजेची, कासाळ्याची चमक जाते. मोजमापे ढोबळ होऊन खरखर वाढते, आणि ती झाकली न गेल्याने कानास जाणवू लागते. एमपी-थ्रीच्या एका चौकटीत १,१५२ मोजमापे, म्हणजे सुमारे २६ सहस्रांश सेकंदांचा आवाज असतो. त्यात एकाएकी थाप पडली, तर तिच्यामुळे उद्भवलेली खरखर थापेच्या अगोदरच्या शांततेतही पसरते. यावर लहान तुकडे पाडण्याचा उपाय आहे. परंतु त्यालाही अधिक बिट लागतात.

या पद्धतीच्या इतिहासातील एक प्रसंग बोधप्रद आहे. जर्मनीतील एर्लांगेन येथे कार्लहाइन्त्स ब्रान्डेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकात या विषयावर काम करीत होते. सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचे, १९८७ च्या संग्रहातील 'टॉम्स डायनर' हे गीत त्यांनी तपासणीसाठी घेतले. त्यात वाद्यांची साथ मुळीच नाही. केवळ एकटा कंठ आहे. अन्य संगीत बऱ्यापैकी उतरविणाऱ्या पद्धतीत हा साधा आवाज मात्र बिघडून ऐकू आला. दोष झाकण्यास दुसरा आवाजच नव्हता. त्यानंतर सुधारणा होत गेल्या आणि १९९३ साली ही पद्धती आंतरराष्ट्रीय मानकात प्रसिद्ध झाली.

जात्यावरची ओवी किंवा धालोच्या मांडावरील गीत म्हणणाऱ्या वृद्धेचा साथीविना आवाज याच जातीचा आहे. ऐकणाऱ्यास तो साधा वाटतो, पण काटकसरीची खरी परीक्षा तोच घेतो.

कमी बिटरेट सर्वत्र त्याज्य आहे, असे मात्र नाही. सूचना, भाषण किंवा बातम्या यांस तो पुरेसा होतो. शिवाय एएसी आणि २०१२ मध्ये मानक ठरलेली ओपस या नंतरच्या पद्धती तेवढ्याच बिटांत एमपी-थ्रीपेक्षा चांगला आवाज देतात. ध्यानात ठेवण्याची गोष्ट एवढीच की, एकदा टाकलेले पुन्हा मिळत नाही. १२८ किलोबिटांची फाइल ३२० किलोबिटांची केल्यास तिचा आकार वाढेल, गेलेला स्वर परतणार नाही. उलट प्रत्येक नव्या संकोचनात थोडी अधिक झीज होते.

म्हणून शाळा, ग्रामपंचायती व भजनी मंडळे यांनी जतन करावयाचे मुद्रण शक्यतो वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात करावे. फ्लॅकमध्ये काहीही न गमावता बरीच जागा वाचते. मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवावी. गायिकेचे नाव, गाव व तारीख सोबत नोंदवावी. इतरांना पाठवावयाची लहान प्रत नेहमी मूळ प्रतीवरूनच काढावी, आलेल्या प्रतीवरून नव्हे. जागा उद्या विकत मिळेल. परंतु ज्या वृद्धेस ती गीते मुखोद्गत होती, तिचा कंठ पुन्हा मुद्रित करण्याची संधी मिळेलच असे नाही.