अर्थसंकोच : जर्मानिक भाषांतील 'डिअर' आणि आपला 'मृग'

शब्दाची अर्थव्याप्ती जेव्हा कमी होते, तेव्हा त्या प्रक्रियेस 'अर्थसंकोच' म्हणतात. जर्मानिक भाषागटातील एका नित्याच्या शब्दात ती स्पष्ट दिसते.

जर्मन भाषेत 'टीअर' आणि डच भाषेत 'डीर' म्हणजे प्राणी, कोणताही प्राणी. इंग्रजीतील 'डिअर' मात्र केवळ हरीण. हे साम्य योगायोगाचे नाही. इंग्रजी 'ड'च्या जागी जर्मनमध्ये 'ट' येणे नियमित आहे : दिवसाला इंग्रजीत 'डे', जर्मनमध्ये 'टाग', मुलीला 'डॉटर' आणि 'टोख्टर'. तेव्हा शब्द एकाच मुळातले. अर्थ तेवढे दुरावले.

प्राचीन इंग्रजीतही हा शब्द सर्वसाधारण पशूसाठी, विशेषतः वन्य पशूसाठी, वापरला जाई. नर हरणासाठी वेगळा शब्द होता. आजचा 'हार्ट' हा त्याचाच वंशज. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये उंदरांनाही 'डिअर' म्हटलेले आढळते, परंतु तोवर हा प्रयोग जुनाट झाला होता.

असे का घडले? 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचमधून 'बीस्ट' आणि पुढे लॅटिनमधून 'अ‍ॅनिमल' हे शब्द आले आणि व्यापक अर्थ त्यांनी व्यापला, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. जर्मन शिकाऱ्यांच्या बोलीत आजही 'टीअर' म्हणजे हरिणी. तेथे कोणत्याही परकीय शब्दाने 'टीअर'ला हुसकावलेले नाही. शिकाऱ्याच्या दृष्टीने 'पशू' म्हणजे ज्याच्या मागे तो जातो तो पशू. हे कारण अधिक मूलगामी वाटते.

त्याची साक्ष आपल्याकडेच आहे. संस्कृतात 'मृग' म्हणजे मुळात वन्य पशू. म्हणूनच सिंह 'मृगेंद्र' आणि वानर 'शाखामृग' ठरतो. 'मृगया' म्हणजे शिकार, मग सावज रानडुक्कर का असेना. मराठीत 'मृग' हरणापुरता उरला (नक्षत्राची गोष्ट वेगळी, तरी तेथेही हरणाचेच मस्तक कल्पिलेले आहे). कन्नडमध्ये मात्र जुना व्यापक अर्थ टिकून आहे. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयाला कन्नडमध्ये 'मृगालय' म्हणतात. तेथे केवळ हरणेच असतील, असे समजणारा मराठी प्रवासी आणि जर्मन 'टीअरगार्टन' हा शब्द वाचून हरणांचीच बाग कल्पिणारा इंग्रज, दोघांची फसगत एकाच जातीची आहे.

येथे 'खरा अर्थ कोणता?' असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. व्युत्पत्ती शब्दाचा जुना अर्थ सांगते, आजचा ठरवीत नाही. 'मृग' म्हणजे हरीण असे लिहिणारा मराठी लेखक चुकत नाही. मात्र 'मृगेंद्र'चा अर्थ 'हरणांचा राजा' असा देणारा परीक्षार्थी निश्चितच चुकतो.