इतिहास शिकायला विलायतेला?

दिवाळीच्या फराळाचं आवरून आम्ही सगळ्या जरा टेकलो होतो. तेवढ्यात माझी धाकटी नणंद म्हणाली, "वहिनी, बी. ए. झाल्यावर मला इंग्लंडला जाऊन युरोपातल्या मध्ययुगाचा इतिहास शिकायचाय." सासूबाईंच्या हातातला अडकित्ता थांबला. "अगं, डॉक्टर-इंजिनिअर व्हायला जातात तिकडे. जुन्या राजांच्या गोष्टी वाचायला एवढा खर्च?" मामंजी काही बोलले नाहीत. पण तिच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेली रक्कम सगळ्यांच्याच मनात आली, हे मला उमगलं.

मी आठवड्यातून चार दिवस शाळेत संस्कृत शिकवते. माझं एम. ए. करायचं राहिलं ते राहूनच गेलं. म्हणून तिला 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधी नीट चौकशी करायची, असं मी ठरवलं. मैत्रिणींनो, तुमच्याही घरात अशी एखादी मुलगी असेल, तर ही माहिती उपयोगी पडेल.

मध्ययुग म्हणजे नुसत्या लढाया नव्हेत. युरोपात साधारण इ. स. ५०० ते १५०० हा तो काळ. मठ, बाजारपेठा, जमिनीचे व्यवहार, पहिली विद्यापीठं, मुलींचे हुंडे, मृत्युपत्रं हे सगळं त्या अभ्यासात येतं. कॅनडात टोरांटो विद्यापीठात या विषयाचं स्वतंत्र केंद्र १९६४ पासून आहे. इंग्लंडमध्ये लीड्सला १९९४ साली सुरू झालेलं अभ्यासकांचं मोठं संमेलन दर जुलैत असतं.

पण खरी मेख आहे ती भाषेत. त्या काळातले बहुतेक कागद लॅटिनमध्ये. टोरांटोला तर लॅटिनची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवी पुरी होत नाही. शिवाय हस्ताक्षर वाचायला वेगळं शिकावं लागतं. कातड्याचा कागद महाग, म्हणून लिहिणारे शब्द आखडून लिहीत. 'म' किंवा 'न' गाळून आधीच्या अक्षरावर नुसती आडवी रेघ द्यायची. हे वाचलं आणि मला हसूच आलं. आपला अनुस्वार तरी दुसरं काय करतो?

इथेच आपल्या मुलींना एक सोय आहे. शाळेत संस्कृत घेतलेल्या मुलीला विभक्तीची भीती वाटत नाही. संस्कृतात आठ, तर लॅटिनमध्ये मुख्य सहाच. अग्नीला 'इग्निस', सातला 'सेप्टेम', नऊला 'नोवेम'. पाठांतराची सवय असली की निम्मं काम झालं. जर्मनीत शिकायचं असेल तर मात्र लॅटिनच्या जोडीला जर्मन चांगलं यायला हवं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. पण वर्षाच्या राहण्याखाण्याची रक्कम आधीच बँकेत दाखवावी लागते.

आता पैशाचं बोलू. इंग्लंडमधलं एम. ए. बहुधा एका वर्षात होतं, पण परदेशी विद्यार्थ्यांना शुल्क जबर असतं. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. आपल्या मुंबईतली जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून आहे. तिचं साहाय्य म्हणजे कर्ज. ते फेडायचं असतं. सुरुवातीलाच तिच्या मदतीने परदेशी गेलेल्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. हे नाव ऐकल्यावर सासूबाई पहिल्यांदा सरसावून बसल्या.

"पण पुढे काय?" हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. मी तिला गोड गोड सांगितलं नाही. प्राध्यापकीच्या जागा तिकडेही थोड्या आणि त्यासाठी पीएच. डी. लागते. अभिलेखागारात काम करायचं तर इंग्लंडमध्ये त्याचा वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो. संग्रहालयं, ग्रंथालयं, प्रकाशन, भाषांतर, जुन्या हस्तलिखितांची छायाचित्रं घेऊन ती संगणकावर आणणं, अशी इतर कामं आहेत. ती मिळतात ज्याला कागद वाचता येतो त्याला, नुसत्या पदवीला नव्हे.

आणि परत आली तरी विद्या वाया जात नाही. पोर्तुगीज ही लॅटिनचीच लेक. पणजीच्या अभिलेखागाराची सुरुवात १५९५ मधली आणि तिथे पोर्तुगीज कागदांचे ढीग आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे तसेच रुमाल आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ तर १९१० पासून अशा कागदांसाठीच झटत आलं आहे. हे वाचणारी माणसं मोजकीच. इथे प्राध्यापकी करायची तर परदेशी पदवीच्या समकक्षतेची चौकशी मात्र जाण्याआधीच करावी.

शेवटी आम्ही एक अट घातली. आधी सहा महिने घरी बसून लॅटिन. जमलं, गोडी टिकली, तरच अर्ज. पुस्तकं आणि इंटरनेटवरचे धडे, खर्च अगदी थोडा. हौस असेल तर ती इतक्यात फिटते, आणि ध्यास असेल तर तोही कळतो.

आज चार महिने झाले. संध्याकाळी मी पोळ्या लाटते आणि ती ओट्याशी उभी राहून रूपं म्हणते. परवा सासूबाईंनी विचारलं, "आईला काय म्हणतात गं त्यांच्यात?" ती म्हणाली, "मातेर." "मग आपलंच की!" सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा भाजी निवडायला लागल्या.

मामंजींनी काल तिच्याकडून खर्चाचा अंदाज लिहून घेतला. चष्मा लावून दोनदा वाचला. अजून 'हो' म्हणालेले नाहीत. पण 'लग्नाचे पैसे' म्हणायचं त्यांनी सोडलंय. आता 'तिचे पैसे' म्हणतात.