जुनें मिलिंग यंत्र घरीं आणतांना

घरांत एखादी लहानशी कर्मशाळा असावी ही हौस आतां केवळ कारखानदारांपुरती राहिलेली नाहीं. वकील, डॉक्टर, शिक्षक असे कितीतरी गृहस्थ सुटीच्या दिवशीं लेथपुढें उभे राहतात. लेथ हातीं आला कीं वर्षादोनवर्षांनीं मनांत दुसऱ्या यंत्राची इच्छा उत्पन्न होते. तें यंत्र म्हणजे मिलिंग मशीन. नवें परवडत नाहीं, म्हणून जुन्याचा शोध सुरू होतो. तो शोध कसा करावा, आणि सांपडलेलें धूड सुखरूपपणें घरीं कसें आणावें, हें आज सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम यंत्राची ओळख. लेथवर काम फिरतें व हत्यार स्थिर असतें. मिलिंगमध्यें हत्यार फिरतें व काम टेबलावर बांधून त्याच्याखालीं सरकवितात. सपाट पृष्ठभाग, खांचा, दंतचक्रें हीं या यंत्राचीं कामें. १८६२ मध्यें अमेरिकेंतील जोसेफ ब्राउन यांचें 'युनिव्हर्सल' मिलिंग यंत्र बाजारांत आलें, तें ड्रिलच्या अंगावरील पिळाच्या खांचा कापण्याच्या गरजेंतून. घरगुती कर्मशाळेस मात्र सोयीचें ठरतें तें १९३८ मध्यें कनेक्टिकट संस्थानांतील ब्रिजपोर्ट येथें जन्मलेल्या उभ्या यंत्राचें घराणें. त्याचा नमुना पुढें अनेक देशांतील कारखान्यांनीं उचलला, आणि आपल्याकडील जुन्या बाजारांतहि त्या धर्तीचीं यंत्रें दिसतात. मागें बिडाचा ओतीव स्तंभ, त्याच्यापुढें वरखालीं होणारा 'नी', त्यावर सॅडल, त्यावर टेबल. माथ्यावर पुढेंमागें सरकणारा रॅम आणि त्याच्या टोकाशीं मोटारीसकट हेड. एकंदर वजन सुमारें एक टन. हा आंकडा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सारें रामायण त्यामुळेंच घडतें.

यंत्र पाहावयास जाण्यापूर्वीं आपलें घर पाहावें. राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला २०० किलोग्रॅमच्या आसपास भार धरावा असें भारतीय मानकांत सांगितलें आहे. या यंत्राचा पायथा जेमतेम अर्ध्या चौरस मीटरचा. म्हणजे त्याच्याखालीं हाच हिशेब २००० किलोग्रॅमवर जातो. भार आजूबाजूस थोडा वांटला जातो हें खरें. तरी स्थापत्य अभियंत्यास विचारल्यावांचून वरच्या मजल्याचें नांवहि काढूं नये. तळमजल्यावर, भरीव मातीवर घातलेलें काँक्रीट हीच त्याची जागा. यंत्राची उंची सुमारें सात फूट असते, तेव्हां दरवाजाहि मोजून ठेवावा. तिसरी गोष्ट विजेची. घरांत बहुधा एकफेजी २३० व्होल्टचा प्रवाह असतो, आणि कारखान्यांतील मोटार त्रिफेजी असते. एकफेजी प्रवाहावरून त्रिफेजी प्रवाह देणारें उपकरण आज मिळतें. परंतु साधारणतः त्यांतून २३० व्होल्टच निघतात. मोटारीवरील पाटीवर २३० व ४१५ असे दोन्ही आंकडे असतील, तर तिची जोडणी बदलून काम भागतें. नुसतें ४१५ असेल तर मोटार बदलण्याचा खर्च आधींच धरावा.

आतां परीक्षा. मीं पहिलें यंत्र घेतलें तेव्हां पुण्याजवळच्या एका बंद होत असलेल्या कारखान्यांत गेलों, आणि हिरव्यागार रंगावर भुललों. घरीं आल्यावर टेबलाची मूठ उलट फिरविली, तर तबकडीचे चाळीस भाग सरकले तरी टेबल जागचें हलेना. इंची यंत्रांत मुठीच्या एका फेऱ्यांत टेबल ०.२ इंच सरकतें व तबकडीवर २०० भाग असतात. म्हणजे प्रत्येक भाग इंचाचा हजारावा हिस्सा, आणि माझी पोकळी तब्बल एक मिलिमीटरची! सुदैवानें दोष स्क्रूच्या पितळी नटांत होता, आणि नट बदलतां आला. परंतु ही परीक्षा विकत घेण्यापूर्वीं एका मिनिटांत झाली असती.

त्याहून गंभीर दोष म्हणजे सरकत्या पृष्ठभागांची झीज. टेबल मधोमध असतां त्याची पट्टी ठीक घट्ट करावी आणि मग टेबल दोन्ही टोकांस न्यावें. टोकांशीं तें अडकूं लागलें, तर मधला भाग झिजला आहे असें समजावें. कारण सारें आयुष्य यंत्रानें तेथेंच काम केलेलें असतें. या झिजेस पुन्हां ग्राइंडिंग व स्क्रेपिंग करण्यावांचून उपाय नाहीं, आणि तो खर्च यंत्राच्या किंमतीहूनहि अधिक होऊं शकतो. नंतर यंत्र वेगांत अर्धा तास चालवावें. बेअरिंग घरघरतें कीं काय तें ऐकावें, स्पिंडल थांबवून त्याजवळ हात लावून उष्णता पाहावी. स्पिंडलच्या भोंकास कोणत्या मापाचे कोलेट लागतात आणि ते बाजारांत मिळतात काय, हेंहि विचारावें. व्हाइस, कोलेट, क्लॅम्प यंत्राबरोबर मिळत असतील तर सौद्यांत त्यांचें मोल मोठें. तीं एकेक करून घेतांना खिसा हलका होतो.

सौदा ठरला, आतां प्रवास. या यंत्राचा पायथा अरुंद व माथा जड असतो. त्याचा स्वभावच कोलमडण्याचा. म्हणून उचलण्यापूर्वीं 'नी' खालीं आणावा, टेबल मध्यावर आणून सर्व कुलुपें आंवळावीं, आणि हेड आधार देऊन हळूंच फिरवून उलटें खालीं आणावें. त्यानें भारकेंद्र खालीं येतें आणि दरवाजाची अडचणहि बरीचशी सुटते. जमिनीवर सरकवितांना पहारेनें एक कड इंचभर उचलून लांकडी ठोकळा द्यावा, मग सारख्या जाडीचे तीन लोखंडी पाइप खालीं घालावे. ट्रकवर चढविण्यास क्रेनच बोलवावी. पट्टे ओतीव स्तंभास किंवा रॅमला बांधावे. मुठी, स्क्रू अथवा टेबल यांना कधींहि नाहीं. ट्रकवर यंत्र जाड फळ्यांवर बोल्टांनीं कसून चारी दिशांना ताणावें. उतारावर वरच्या बाजूस चेनकप्पी बांधून ती सैल करीत करीत खालीं घ्यावें.

माझें यंत्र उतरवितांना एक पाइप निसटला आणि यंत्र कलूं लागलें. मी नकळत सावरावयास धांवलों. तेवढ्यांत मुकादमानें माझा दंड धरून मला मागें ओढलें आणि तो म्हणाला, "साहेब, बाजूला व्हा! मशीन पडलं तर पडूं द्या, दुसरं मिळंल. हात गेला तर दुसरा मिळायचा नाहीं." यंत्र खालच्या ठोकळ्यावर टेकून थांबलें. तें न थांबतें, तर माझे दोन हात एका टनाला कसे थोपविणार होते? एवढा साधा हिशेब त्या क्षणीं माझ्या शिक्षणास सुचला नाहीं. तो मुकादमास ठाऊक होता. तेव्हांपासून माझा नियम असा कीं, यंत्र ज्या बाजूस कलूं शकेल त्या बाजूस कोणीहि उभें राहावयाचें नाहीं. लहान मुलें व हौशी शेजारी तर आंगणाबाहेर. मजुरी वांचविण्यासाठीं मित्रांच्या बळावर हें काम करूं नये.

यंत्र जागीं बसल्यावर घाई करूं नये. जुनें ग्रीस रॉकेलनें पुसून काढावें, तेलाच्या नळ्या मोकळ्या कराव्या, पाणसळ ठेवून पायथ्याखालीं पत्र्याच्या चकत्या देऊन टेबल समपातळींत आणावें. मग स्पिंडलला डायल लावून टेबलावर गोल फिरवावा आणि हेड टेबलास अगदीं काटकोनांत आहे अशी खात्री करावी. मोटार योग्य दिशेनें फिरते कीं नाहीं हें हत्यार बसविण्यापूर्वीं पाहावें.

हें सारें झालें, म्हणजे लोखंडाच्या तुकड्यावर पहिला कट घ्यावा. स्वच्छ, सपाट पृष्ठभाग चमकूं लागला कीं झालेला खर्च व शीण यांचा विसर पडतो. परंतु तो पृष्ठभाग पाहतांना आपले दहाहि बोटांचे हात शाबूत असावे, एवढीच इच्छा प्रकट करून मी आपली रजा घेतों.