नातवंडांजवळचे उत्तरायुष्य : देशबदल, ओकसात्म्य आणि आपले कर्तव्य

प्रास्ताविक

आयुष्याची पन्नास-साठ वर्षे एकाच गावी घालवून, नोकरी-व्यवसायातून निवृत्त झाल्यावर मुलाच्या किंवा मुलीच्या घरी, नातवंडांच्या सहवासात राहण्यासाठी शहरात आलेली ज्येष्ठ मंडळी हा आता आपल्या चिकित्सालयांतील नित्याचा रुग्णवर्ग झाला आहे. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या ८.६ टक्के इतकी नोंदली गेली. ही संख्या पुढे वाढतच गेली आहे.

या मंडळींच्या तक्रारी बहुधा ठरावीक असतात. मलावरोध, आध्मान, अरुचि, निद्रानाश, संधिशूल आणि या सर्वांच्या शेवटी, काहीशा संकोचाने सांगितलेले ‘येथे मन लागत नाही’. प्रत्येक तक्रारीस एक कल्प, याप्रमाणे चार-पाच औषधांची चिठ्ठी तयार होते आणि रुग्ण औषधालयाकडे वळतो. या तक्रारी केव्हा सुरू झाल्या हे विचारले जाते. परंतु ‘या घरी राहायला येऊन किती दिवस झाले?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आमच्या मते, अशा रुग्णाच्या परीक्षणात तोच पहिला प्रश्न असावयास हवा. स्थलांतर ही केवळ कौटुंबिक घटना नसून तो देशाचा, कालाचा आणि सात्म्याचा एकाच वेळी घडलेला बदल आहे व शास्त्रदृष्ट्या तो हेतूंमध्येच गणला पाहिजे.

देश बदलतो म्हणजे काय बदलते?

जांगल, आनूप आणि साधारण हे देशाचे तीन भेद आपण सर्वच जाणतो. आनूप देश कफबहुल, जांगल देश वातबहुल. रत्नागिरीच्या किनारपट्टीवर आयुष्य काढलेली व्यक्ती पुण्यास येते, तेव्हा ती दमट हवेतून पठारावरच्या कोरड्या हवेत येते. तिची त्वचा रूक्ष होते, ओठ फुटतात, सांधे आखडतात. उलट, बीड-लातूरकडील व्यक्ती मुंबईस आली की तिला घाम, जडपणा, अग्निमांद्य आणि वारंवार प्रतिश्याय यांचा त्रास होतो. दोघांना एकच ‘संधिवाताचे औषध’ देणे युक्त नव्हे, हे उघड आहे.

त्यात वयाची भर पडते. चरकाचार्यांनी साठ वर्षांनंतरचे वय जीर्ण मानले, तर सुश्रुताचार्यांनी सत्तरीनंतर वार्धक्य सांगितले. मात्र या वयात वाताचे प्राधान्य असते याविषयी दोघांचे एकमत आहे. वातप्रधान वयातील व्यक्तीस देशबदल अधिक सोसावा लागतो, मग ती कोणत्याही दिशेने गेलेली असो.

कालाचा विचार तर बहुधा होतच नाही. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये उघडतात. नातवास शाळेच्या गाडीपर्यंत सोडणे-आणणे हाच आजी-आजोबांना बोलावण्याचा हेतू असल्याने, गावचे घर बंद करून निघण्याचा मुहूर्त मे अखेरीचा किंवा जूनच्या आरंभीचा ठरतो. ग्रीष्मात वाताचा संचय आणि वर्षा ऋतूत प्रकोप होतो. याच काळात अग्नी आणि बल दोन्ही क्षीण असतात. म्हणजे वर्षातील जो काळ वृद्धास सर्वाधिक प्रतिकूल, नेमका त्याच काळात तो आपला देश सोडतो. शक्य असेल तेथे आदल्या हेमंतात, अग्नी व बल उत्तम असताना, पहिला मुक्काम व्हावा असा सल्ला आपण कुटुंबीयांना अवश्य द्यावा.

ओकसात्म्याचा भंग

अभ्यासाने जे शरीरास मानवू लागते ते ओकसात्म्य. चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधु व सौवीर या देशांतील लोकांच्या अतिलवणसेवनाचे उदाहरण आले आहे. ते लोक दुधासही लवण घेतात असे तेथे म्हटले आहे. लक्षात घेण्यासारखी बाब अशी की, ही सवय दोषकारक ठरवूनही ती एकदम तोडावी असे आचार्य सांगत नाहीत. क्रमाने सोडावी असे सांगतात. मग जी सवय मुळात हितकर आहे, ती एका दिवसात तुटली तर काय होईल, याचा विचार करावा.

ज्वारीची भाकरी खाणाऱ्या आजोबांच्या ताटात गव्हाची पोळी आणि पाव येतो. सायंकाळी साडेसातला जेवणाऱ्या आजीस मुलगा-सून कामावरून परतेपर्यंत थांबावेसे वाटते आणि जेवण साडेनऊवर जाते. गावी मंदिर, बाजार आणि शेताचा बांध यांत सहज होणारे चालणे चौथ्या मजल्यावरील सदनिकेत थांबते. पाणी, भांडी, अंथरूण, उजेड आणि आवाज, सर्वच बदलते.

जेवणाच्या वेळेचा मुद्दा विशेष गंभीर आहे. मधुमेहाच्या अनेक रुग्णांची साखर उतरविणारी आधुनिक गोळी जुन्या सवयीने ठरल्या वेळी घेतली जाते, जेवण मात्र दीड-दोन तास लांबते. अशा वेळी घाम, कंप, भ्रम किंवा मूर्च्छा ही लक्षणे वातप्रकोपाची समजून वेळ दवडणे धोक्याचे ठरते. रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल तर तत्काळ साखर द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडावाटे काहीही न देता तातडीने रुग्णालयात हलवावे. प्रत्येक मधुमेही ज्येष्ठास ‘गोळी किती वाजता आणि जेवण किती वाजता’ हे दोन प्रश्न जोडीने विचारावेत आणि गोळीची वेळ बदलायची झाल्यास ती देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच बदलावी.

न सांगितला जाणारा वेगावरोध

मलावरोधाच्या तक्रारीमागे आहाराइतकेच आणखी एक कारण असते व ते रुग्ण आपणहून सांगत नाही. सकाळी सहा ते आठ या वेळेत नातवंडांची शाळेची आणि मुला-सुनेची कामावर जाण्याची घाई असते. शौचालय एक किंवा दोन. ‘त्यांचे होऊ दे, आपल्याला काय घाई आहे’ असे म्हणून ज्येष्ठ व्यक्ती आलेला वेग धरून ठेवते. काही दिवसांनी वेग त्या वेळी येईनासाच होतो. रात्री कोणाची झोप मोडू नये म्हणून मूत्रवेगही धरला जातो, किंवा सायंकाळनंतर पाणी पिणेच बंद केले जाते. अशा रुग्णास रोज रात्री विरेचक चूर्ण देत राहणे म्हणजे हेतू तसाच ठेवून लक्षणाचा पाठलाग करणे होय. येथे निदानपरिवर्जन म्हणजे घरातील सकाळचे वेळापत्रक बदलणे आणि ते कुटुंबीयांना समजावून सांगण्याचे काम वैद्याचे आहे. रुग्ण ते स्वतः कधीही सांगणार नाही.

पादांशिक क्रम : आहारापलीकडे

ज्या नवेगान्धारणीय अध्यायात (चरकसंहिता, सूत्रस्थान ७) वेगधारणाचे दुष्परिणाम सांगितले आहेत, त्याच अध्यायात सवयी बदलण्याचा पादांशिक क्रमही सांगितला आहे. अहिताचा चतुर्थांश सोडून तेथे हिताचा चतुर्थांश आणावा, एक, दोन व तीन दिवसांच्या वाढत्या अंतराने पुढील पाद बदलावेत, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. गणनेविषयी टीकाकारांत मतभेद असले तरी तत्त्व निःसंदिग्ध आहे. क्रमाने केलेला बदल स्थिर होतो, एकदम केलेला बदल रोगास कारण होतो.

हे तत्त्व आपण व्यसनमुक्तीपुरते किंवा पथ्यापुरते वापरतो. ते निवासासही लागू करता येते. पहिल्या वेळी पंधरा दिवस, मग गावी परत. पुढे महिना-दीड महिना, पुन्हा परत. आणि त्यानंतर कायमचा मुक्काम. २०२२ पासून राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांतून ७५ वर्षांवरील नागरिकांस विनामूल्य व ६५ ते ७५ वयोगटास अर्ध्या तिकिटात प्रवासाची सवलत असल्याने अशा खेपा खर्चाच्या दृष्टीनेही अशक्य नाहीत. गावचे घर पहिल्याच वर्षी विकून टाकण्याची घाई करू नये, हा सल्लाही आम्ही चिकित्सेचाच भाग मानतो.

कायमच्या मुक्कामानंतरही दुपारच्या जेवणात भाकरी ठेवून रात्रीच्या जेवणापासून बदलास आरंभ करावा. ज्येष्ठांचे जेवण घरातील इतरांसाठी थांबवू नये. नातवंडांबरोबर लवकर जेवण्याची प्रथा पाडल्यास दोघांचेही हित होते. कोरड्या हवेत आलेल्यांनी कोमट तिळतेलाने, विशेषतः शिर, कर्ण व पाद या ठिकाणी, अभ्यंग करावा. स्नानगृहात जाण्यापूर्वी तळपायाचे तेल नीट पुसण्यास मात्र सांगावे. वृद्धांस दिवसा झोप शास्त्राने अनुज्ञात केली आहे, तथापि रात्रीची झोप तुटत असल्यास ती बेताची ठेवावी. रात्री उठल्यावर पाय जुन्या घराच्या सवयीने वळतात. नवीन घरात त्या दिशेस दार नसून भिंत किंवा पायरी असते. रात्रभर मंद दिवा, शौचालयात धरण्यास दांडा आणि न घसरणारी पायपुसणी या तीन गोष्टी पडणे टाळण्यासाठी कोणत्याही अस्थिपोषक कल्पाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

औषधालयाच्या पटलावर

औषधविक्रेत्या बंधूंची जबाबदारी येथून सुरू होते. स्थलांतरित ज्येष्ठाकडे बहुधा तीन प्रकारची औषधे असतात. गावच्या वैद्यांनी दिलेली, शहरातील डॉक्टरांनी दिलेली आणि मुलाने जाहिरात पाहून आणलेली. या तिन्हींची एकत्र यादी कोणाजवळच नसते. मूत्रल आधुनिक औषध घेणाऱ्याने यष्टीमधु दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटण्याचा व रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या रुग्णाने रोज घेतलेले लवणभास्कर चूर्ण हे लवणसेवनच होय. मधुमेही रुग्णाच्या हिशेबात च्यवनप्राशातील साखर धरलेली नसते. नातवाकडून आलेल्या सर्दीवर त्रिभुवनकीर्ती सहज मागितला जातो. परंतु त्यात वत्सनाभ आहे आणि वत्सनाभाचा समावेश औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ‘ई(१)’ मध्ये आहे. हृद्रोग्यास तो वैद्याच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये.

गावाहून सहा महिन्यांचे चूर्ण पिशवीत बांधून आणण्याची पद्धतही तपासून पाहावी. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर हीन होते असे म्हटले आहे. किनारपट्टीच्या दमट हवेत उघडे चूर्ण त्यापूर्वीच ओलावते.

परदेशातील नातवंडांकडे जाणाऱ्यांनी औषधे मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. २००४ साली बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांच्या तपासणीत १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. तेव्हापासून तेथील डॉक्टर याबाबत जागरूक आहेत. रसकल्पांवर असलेल्या रुग्णास प्रस्थानापूर्वी शक्य तेथे काष्ठौषधींवर आणणे आणि काय दिले होते ते स्पष्ट लिहून देणे श्रेयस्कर.

मनाचा विचार

चरकाचार्यांनी अग्र्य भावांच्या गणनेत रोग वाढविणाऱ्यांमध्ये विषादास अग्रस्थान दिले आहे. गावी ज्यांचा सल्ला घेतला जाई, त्यांना येथे शेजारी ओळखत नाहीत. काहींच्या वाट्यास पूर्ण रिकामेपण येते, तर काहींच्या, विशेषतः आजीच्या, वाट्यास दिवसभराचे बालसंगोपन येते. व्यायाम अर्धशक्तीनेच करावा या नियमात दहा-बारा किलोच्या नातवास दिवसातून अनेकदा उचलणेही येते, हे कुटुंबीयांस कोणीतरी सांगावयास हवे. नातवंडांचे प्रेम हे उत्तम हर्षण आहे, परंतु ते कामाच्या ओझ्याखाली दबता कामा नये. दिवसातील काही तास ज्येष्ठांचे स्वतःचे असावेत व आठवड्यातून एकदा तरी समवयस्कांशी भेट घडावी. आचार-रसायनात सांगितलेले शांत, नियमित व प्रियवादी जीवन अशा व्यवस्थेतच शक्य होते. भूक मंदावणे, सतत रडू येणे किंवा जगण्याविषयी विरक्तीचे बोलणे ही लक्षणे दिसल्यास केवळ मेध्य औषधांवर विसंबून न राहता मानसरोगतज्ज्ञांचे साहाय्य विनाविलंब घ्यावे.

आपल्यातील अनेक ज्येष्ठ वैद्यही दवाखाना बंद करून मुलांकडे जात आहेत. नाडीवर बोट ठेवण्याची चाळीस वर्षांची सवय हेही ओकसात्म्यच आहे. तीही पादांशिक क्रमानेच सोडावी. आठवड्याचे दिवस कमी करीत जावे, रुग्णांना नवीन वैद्यांशी परिचित करून द्यावे आणि मगच प्रस्थान ठेवावे.

समारोप

या सर्वांतून एक साधी सूचना आम्ही सभासदांपुढे ठेवतो. आपला ज्येष्ठ रुग्ण गाव सोडून जात आहे असे कळताच त्याच्या हाती एक पानाचे पत्र द्यावे. त्यात प्रकृती, कोष्ठ, अग्नी, पूर्वीचे व्याधी, चालू असलेली सर्व औषधे मात्रा-अनुपानासह, न मानवलेली औषधे आणि आहार-निद्रेच्या वेळा असाव्यात. त्याची एक प्रत कुटुंबीयांकडे आणि एक नव्या गावच्या औषधविक्रेत्याकडे राहावी. जेथे रुग्ण नव्याने येतो, तेथील वैद्याने हे पत्र मागावे व नसल्यास स्वतः तयार करावे. चाळीस वर्षे एका वैद्याने ओळखलेले शरीर दुसऱ्या वैद्यापुढे अनोळखी होऊन उभे राहू नये, यासाठी एवढे एक पान पुरेसे आहे.