काळवंडलेला रुपया घासण्याआधी

लक्ष्मीपूजन जवळ आले की कपाटातली चांदी बाहेर निघते. निरांजन, कुंकवाचा करंडा, अत्तरदाणी आणि त्यांच्या सोबतीला जुन्या पुरचुंडीत बांधून ठेवलेले राणीछाप रुपये. वर्षभरात सगळ्यावर काळपट छाया आलेली असते. मग चिंच, लिंबू, टूथपेस्ट, रांगोळी, चुलीतली राख, खायचा सोडा, यांतले जे हाताशी असेल ते घेऊन घासायला सुरुवात होते. ताट-वाटीच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाते. नाण्याच्या बाबतीत चालत नाही. नाण्यावरचा काळा थर हा वरून येऊन बसलेला मळ नसतो, ती त्या नाण्याचीच चांदी असते. एवढी एक गोष्ट नीट समजली, तर कोणता घरगुती उपाय कुठे करावा आणि कुठे हात आवरावा, हे बरेचसे त्यातूनच ठरते.

लोखंड गंजते ते हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा यांमुळे. चांदीवर घरातल्या तापमानाला ऑक्सिजनचा फारसा परिणाम होत नाही. तिला बाधते ते गंधक. हवेत हायड्रोजन सल्फाइड हा गंधकाचा वायू अत्यल्प प्रमाणात असतो. गटारे, साचलेले पाणी, खाडीतला चिखल, शिजणारी अंडी यांतून तो येतो. हवेच्या अब्ज भागांत त्याचा एखाददुसरा भाग असला तरी चांदी काळवंडायला तेवढा पुरतो, आणि दमटपणा असेल तर काम अधिक वेगाने होते. म्हणून पावसाळ्यानंतर, आणि खाडीकाठच्या घरांत विशेष, चांदी लवकर काळी पडलेली दिसते. गंधक आणि चांदी मिळून जे संयुग तयार होते ते सिल्व्हर सल्फाइड. वजनाने पाहिले तर त्यात ८७ टक्के चांदी आणि उरलेले १३ टक्के गंधक असते. थर पातळ असतो तेव्हा साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग नाण्यावर खेळतात: आधी सोनेरी पिवळा, मग तांबूस, मग निळसर जांभळा. थर वाढत गेला की सगळे रंग बुडून काळा उरतो.

या थराचा आणखी एक गुण लक्षात घेण्यासारखा आहे. तो वाढतो तेव्हा गंधक आत शिरत नाही, खालच्या चांदीचे आयन थरातून वाट काढत वर येतात आणि तिथे गंधकाला मिळतात. थर जितका जाड, तितकी ही वाट लांब. म्हणून काळवंडण्याचा वेग पुढे पुढे मंदावतो.    थोडक्यात, बरीच वर्षे न हाताळलेल्या नाण्यावर एकसारखा धुरकट थर बसला असेल, तर तो खालच्या धातूला काही प्रमाणात झाकूनच असतो.

आता घरगुती उपायांकडे पाहू. चिंच आणि लिंबू यांची ख्याती तांब्या-पितळेवर सिद्ध झालेली आहे, आणि ती खरीही आहे. तांब्यावरचा काळा-तांबूस थर मुख्यतः ऑक्साइडचा असतो आणि आम्लात तो सहज विरघळतो. सिल्व्हर सल्फाइड मात्र पाण्यात जवळजवळ न विरघळणाऱ्या संयुगांपैकी एक आहे. चिंचेच्या किंवा लिंबाच्या सौम्य आम्लाला ते दाद देत नाही. तरीही लिंबू लावून नाणे उजळल्याचा अनुभव अनेकांना येतो, त्याची कारणे दोन. एक तर लिंबाबरोबर मीठ किंवा हाताचा जोर असतो, म्हणजे उजळते ते घासल्यामुळे. दुसरे, जुन्या रुपयात निव्वळ चांदी नसते. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या प्रमाण रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारातले अकरा भाग चांदी व एक भाग तांबे. या तांब्यावरचा डाग आम्लाने जातो, आणि त्याच्याबरोबर पृष्ठभागातले थोडे तांबेही जाते. १९४० ते १९४५ मधल्या रुपयांत तर चांदी निम्मीच आहे. ४० टक्के तांबे आणि ५-५ टक्के निकेल व जस्त. अशा नाण्यावर लिंबू चोळत राहिले की चांदी तशीच राहते आणि तिच्या आजूबाजूचा धातू निघून जाऊन पृष्ठभाग सच्छिद्र होतो. चिंचेचा कोळ तांब्याच्या तांब्यासाठी ठेवावा, रुपयासाठी नाही.

टूथपेस्ट, राख आणि रांगोळी या तिन्हींचे काम एकच: खरवडणे. दाताच्या वरच्या आवरणाचा कठीणपणा मोहसच्या मोजपट्टीवर सुमारे ५ येतो, चांदीचा ३ पेक्षाही कमी. टूथपेस्टमधले बारीक कण दातासाठी बेतलेले असतात; त्याच कणांनी चांदी घासणे म्हणजे मऊ धातूवर कठीण पूड चालवणे. राखेत सिलिका असते, रांगोळी तर दगडाचीच पूड. घासताना फडके काळे होते ते पाहून मळ निघाल्याचे समाधान वाटते. त्या काळ्यात बहुतांश चांदीच असते. याचा सर्वांत ठळक पुरावा अनेक मराठी घरांच्या देव्हाऱ्यात आहे. कुलदैवतांचे जुने टाक उजेडात धरून पाहा. खंडोबाचा घोडा ओळखू येतो तो आकारावरून. चेहऱ्यावरचे डोळे-नाक गुळगुळीत होऊन गेलेले असते, भवानीच्या हातातली आयुधे नुसत्या उंचवट्यांसारखी उरतात. पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी आणि घासण्याने ती झीज झाली. टाक झिजले की नवे घडवून घेता येतात आणि तशी रीतही आहे. नाण्याला ती सोय नाही. ज्या ठशाने ते पाडले तो ठसा कधीच नाहीसा झाला आहे.

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो: अशा घासण्यात चांदी जाते तरी किती? हिशेब मांडू. रुपयाचा व्यास साधारण ३०.५ मिलिमीटर, दोन्ही बाजू आणि कड मिळून पृष्ठभाग सुमारे १६ चौरस सेंटिमीटर भरतो. काळा थर मिलिमीटरचा दहा हजारावा भाग इतका जाड धरला, तर त्यात अडकलेली चांदी जेमतेम १ मिलिग्रॅम. संपूर्ण रुपयाच्या मानाने हा साडेअकरा हजारांतला एक भाग झाला. वजनाच्या काट्यावर हे नुकसान कळणारही नाही, हे आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे मान्यच केले पाहिजे. पण खरवडणारी पूड थरापाशी थांबत नाही, खालचा धातूही ओरखडते. शिवाय नाण्याचे मोल जसे वजनात असते तसेच वरच्या पृष्ठभागातही असते, आणि ठशाने जे काही लिहिले-कोरले ते सगळे तिथेच आहे. हे नुकसान ग्रॅममध्ये मोजून चालत नाही.

व्हिक्टोरियाचा १८६२ सालचा रुपया घ्या. तो आजही अनेक घरांत सापडतो. त्यावर साल १८६२ असले तरी ते न बदलता हे रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते. प्रत्यक्षात नाणे कोणत्या वर्षीचे, हे कळायला मुंबईच्या टांकसाळीच्या रुपयांवर मागच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे ठिपके असतात. ठिपके किती आणि कुठे आहेत, यावरून अभ्यासक वर्ष लावतात. एखादा ठिपका घासून सपाट झाला की त्या नाण्याची जन्मतारीखच पुसली जाते. पुढच्या बाजूला राणीचा गाल, मुकुटाची कड आणि कानावरचे केस हे सर्वांत उंच भाग. फडक्याचा जोर पहिल्यांदा त्यांच्यावरच पडतो. फारसे न वापरलेल्या नाण्यावर याहून नाजूक एक गोष्ट असते. ठशाच्या दाबाखाली धातू मध्यातून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणे दिव्याखाली तिरके धरून फिरवले की या रेषांमुळे उजेडाचा एक पट्टा गोल फिरताना दिसतो. एकदा टूथपेस्टने घासले की हा पट्टा जातो आणि जागोजागी एकाच दिशेचे केसासारखे ओरखडे चमकू लागतात. जाणकार संग्राहक ते पाहताक्षणी ओळखतात आणि नाण्याची किंमत उतरवतात. चकचकीत केलेले नाणे जास्त भावाने जाते ही समजूत बाजाराच्या अनुभवाच्या नेमकी उलटी आहे.

खरवडल्याशिवाय काळेपणा घालवण्याचा एक उपाय स्वयंपाकघरातच आहे, आणि त्यामागचे रसायनशास्त्र सुंदर आहे. चिनी मातीच्या किंवा काचेच्या वाडग्यात तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल पसरायची, तिला टेकेल असे नाणे ठेवायचे, वरून चमचाभर खायचा सोडा आणि नाणे बुडेल इतके कडकडीत पाणी. फॉइलऐवजी जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचेच, जुने पातेलेही चालते. ॲल्युमिनियमवर नेहमी ऑक्साइडचे एक अदृश्य कवच असते. सोड्याच्या पाण्यात ते विरते आणि उघडा पडलेला ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन सोडू लागतो. हे इलेक्ट्रॉन स्पर्शाच्या जागेतून नाण्यात जातात. सल्फाइडमधली चांदी ते घेऊन पुन्हा धातू बनते आणि गंधक पाण्यात उतरते. त्यातले थोडे हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडते, म्हणून सडक्या अंड्याचा वास येतो. खिडकी उघडी असावी. काही मिनिटांत थर उतरतो. नाणे आणि फॉइल यांचा स्पर्श सुटला तर क्रिया थांबते, म्हणून नाणे मधून मधून उलटत राहावे लागते. त्याआधी रिठ्याच्या पाण्याने तेलकटपणा घालवलेला बरा. रिठ्यातला फेस काळा थर काढत नाही, पण हळद-कुंकू, तेल आणि हाताचा चिकटपणा नीट काढतो आणि धातूला धक्का लावत नाही. शेवटी साध्या पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने टिपून घ्यायचे, पुसायचे नाही.

मग हाच उपाय सगळ्या नाण्यांना का लावू नये? चांदी जागच्या जागी परत मिळते असे वर्णन नेहमी केले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. परत आलेली चांदी मूळच्या घट्ट, दाबलेल्या पृष्ठभागासारखी बसत नाही. ती भुसभुशीत, सच्छिद्र असते. त्यामुळे थर जाड असेल तर नाणे पांढरट, मातकट दिसते आणि पुन्हा लवकर काळवंडते. अक्षरांच्या आणि वेलबुट्टीच्या खोबणीतला जो काळोख उठावाला खोली देतो, तोही निघून जातो आणि नाणे सपाट वाटू लागते. सराफाकडच्या द्रावणात बुडवून काढण्याचा परिणामही याच जातीचा असतो. त्यात बहुधा थायोयुरिया आणि आम्ल असते, जे सल्फाइड विरघळवून टाकते. तिथे तर चांदी परत मिळतच नाही. हे द्रावण घरी आणून हाताळू नये.

वस्तुसंग्रहालयांतही चांदी स्वच्छ करतात, मग आपण का नको, हा दुसरा आक्षेप. जमिनीत सापडलेल्या नाण्यांवर तांब्याचे हिरवे थर आणि चांदीचे क्लोराइड बसलेले असते. ते काढल्याशिवाय लेखच वाचता येत नाही. तिथे स्वच्छता वाचण्यासाठी असते, चकाकीसाठी नसते. आधी छायाचित्र आणि नोंद, मग भिंगाखाली थोडे थोडे काम, आणि अक्षर वाचता आले की थांबायचे. चांदीच्या भांड्यांसाठीही संवर्धक वापरतात ती अत्यंत बारीक, गाळीव खडूची पाण्यात कालवलेली पूड. बाजारातल्या पॉलिशपेक्षा ती कितीतरी सौम्य असते, आणि तरीही ती वारंवार वापरायची नाही असा दंडक असतो.

देवापुढे काळे नाणे कसे मांडायचे, हा प्रश्न मात्र श्रद्धेचा आहे आणि त्याला आदरानेच उत्तर दिले पाहिजे. पूजेसाठी अलीकडे विकत घेतलेली लक्ष्मी-गणपतीची नाणी बहुधा ९९९ शुद्धतेची असतात, ती हजारोंनी पाडली जातात, आणि सोड्याच्या पाण्यात दरवर्षी उजळली तरी फार काही बिघडत नाही. फक्त मुद्दाम काळसर ठेवलेली किंवा मिना भरलेली नाणी त्यात घालू नयेत. आणि नाणे जर्मन सिल्व्हरचे निघाले तर सोडा काहीच करणार नाही, कारण त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी नसतेच. पणजोबांच्या काळापासून चालत आलेला रुपयाही पूजेत जरूर असावा. त्याला पाण्याने धुवावे, कोरडे करावे आणि आहे त्या रंगात मांडावे. पाण्याने धुतलेले नाणे शुद्ध असते. त्याच्या शुद्धतेला चकाकीची अट नाही.

काळवंडणे थोपवणे हे काळेपणा काढण्यापेक्षा सोपे आहे. नाणी हाताळताना कडेने धरावीत, कारण घामातले मीठ बोटाचा ठसा चांदीवर कायमचा उमटवू शकते. रबरबँड, लोकरीचे कापड, वर्तमानपत्राचा कागद यांत गंधक असते, त्यांत नाणी गुंडाळू नयेत. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने चिकट हिरवट द्रव सुटतो, तीही टाळावीत. साध्या पॉलिथिनच्या झिपपिशवीत एकेक नाणे वेगळे ठेवावे, हवा दाबून काढावी, सोबत सिलिका जेलची एक पुडी टाकावी आणि पावसाळा संपला की ती पुडी बदलावी.