बिंदू क्रमांक सात

सकाळी ८
दिल्लीतल्या मयूर विहारहून मेट्रोची ब्लू लाइन पकडली. आज नोएडाच्या सेक्टर ६२ मधल्या एका केंद्रीय कार्यालयाचं रोस्टर तपासायचंय. आपल्याकडे जिला बिंदुनामावली म्हणतात, तीच: कोणत्या क्रमांकाचं पद कोणत्या प्रवर्गाचं, याची नोंद. प्रत्येक मंत्रालयात आरक्षणासाठी किमान उपसचिव दर्जाचा एक लायझन ऑफिसर असतो आणि वर्षातून एकदा त्यानं रजिस्टरं तपासायची असतात. आमचे साहेब ते, मी त्यांच्या कक्षातला सेक्शन ऑफिसर.

९.३०
चहा आला, बिस्किटं आली, रजिस्टर काही येईना. "सर, अलमारी की चाबी बड़े बाबू के पास है." तोवर मंजूर पदांची यादी मागवली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या सभरवाल निकालानंतर, २ जुलै १९९७ पासून, रोस्टर रिकाम्या जागांवर नाही, मंजूर पदांवर चालतं. त्यामुळे पदांचा आकडा चुकला की पुढचं सगळं चुकतं.

११
रजिस्टर उघडलं. अनुसूचित जातींना १५ टक्के, म्हणून पहिला बिंदू सातवा. जमातींना साडेसात, म्हणून चौदावा. ओबीसींचा चौथा आणि २०१९ पासून आर्थिक दुर्बलांचा दहावा. इथं सातव्यावर नाव आहे, शेरा 'भरले'. साहेबांनी सेवापुस्तक मागवलं. उमेदवार अनुसूचित जातीचा खरा, पण निवड खुल्या गुणवत्तेवर. वयाची किंवा गुणांची कसलीच सवलत घेतलेली नाही. असा माणूस खुल्या बिंदूवर दाखवायचा, सातवा रिकामाच धरायचा. कुणाला नकार दिला नाही, कुणाचा अर्ज फेटाळला नाही. नाव भलत्या ओळीत पडलं आणि एक राखीव जागा कागदावरून गेली.

"साहब, सालों से ऐसे ही चल रहा है," बडे बाबू म्हणाले. साहेबांनी मागची पानंही मागवली.

१.३०
कँटीनचा राजमा-चावल. या विषयावर टेबलावर कुणी बोललं नाही.

२.३०
दिव्यांगांचं वेगळं, शंभर बिंदूंचं रजिस्टर: चार टक्के, म्हणजे १, २६, ५१ आणि ७६. पहिल्यासमोर लिहिलंय, 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही'. मी जाहिरातीची प्रत मागितली. तीत ही जागा दाखवलेलीच नव्हती. जाहिरातच नाही, तर उमेदवार येणार कुठून?

४.३०
शेवटच्या नोंदीखाली साहेबांची तारखेसह सही. आता मध्ये काही घुसडता येणार नाही. त्रुटींचा अहवाल सचिवांकडे जाईल. दुरुस्ती झाली नाही, तर १ जानेवारीच्या स्थितीचे जे आकडे दरवर्षी कार्मिक विभागाला जातात, तेही चुकीचेच जाणार. आणि एखाद्या कर्मचाऱ्यानं खान मार्केटजवळच्या लोकनायक भवनात, अनुसूचित जाती आयोगाकडे तक्रार केली, तर हेच रजिस्टर घेऊन तिथं उभं राहावं लागेल. चौकशीत आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. समन्स निघालं की चावी लगेच सापडते.

संध्याकाळी ६
मेट्रोकडे येताना दोन्ही बाजूंना खासगी कंपन्यांचे काचेचे टॉवर. तिथं आरक्षण लागू नाही, म्हणून रोस्टरही नाही. दिव्यांगांसाठी २०१६ च्या कायद्यानं समान संधी धोरण मात्र त्यांनाही जाहीर करावं लागतं. तेवढं वाचून आत कोणाला घेतलं आणि कोणाला वगळलं, हे कळत नाही. तपासायला नावं आणि तारखा लागतात.