हिशेब खेळाचा, भाग ९ : पहिल्या शंभराबाहेर

व्यावसायिक टेनिसमधली सर्वांत खालची स्पर्धा पुरुषांसाठी एम-१५ आणि महिलांसाठी डब्ल्यू-१५ या नावाने ओळखली जाते. आकडा बक्षिसाचा आहे. सगळ्या स्पर्धेचे मिळून १५ हजार डॉलर. त्यातून एकेरी जिंकणाऱ्या पुरुषाला २,१६० डॉलर आणि पहिल्या फेरीत गारद होणाऱ्याला १५६. शिरूर-दौंडकडच्या यात्रांतला हगामा पाहिलेल्या माणसाला ही चढण ओळखीची वाटेल: आधी बारक्या पोरांच्या कुस्त्या, मग इनाम वाढत जाते आणि दिवस कलताना मोठी जोड लागते. पण निमोण्याचा पैलवान हगाम्याला मोटारसायकलवर डबलसीट जातो आणि हरला तरी रात्री घरच्या ताटावर असतो. एम-१५ खेळणारा हरतो तो ट्युनिशियातल्या मोनास्तिरला नाहीतर तुर्कस्तानातल्या अंताल्याला. अशा ठिकाणी एकामागून एक स्पर्धा चालू असतात, म्हणून खेळाडू तिथेच महिनाभर तळ ठोकतात. तेवढेच विमानाचे तिकीट वाचते.

सगळा व्यवहार क्रमवारीवर चालतो. पुरुषांची संगणकीय क्रमवारी १९७३ मध्ये सुरू झाली, महिलांची १९७५ मध्ये. गुण ५२ आठवडे टिकतात आणि मग गळून पडतात. गेल्या वर्षी याच आठवड्यात जिंकलेली स्पर्धा यंदा पुन्हा जिंकली तर खेळाडू जागच्या जागी राहतो. ताप येऊन अंथरुणाला खिळला तर खाली जातो. एम-१५ च्या विजेत्याला १५ गुण मिळतात, ग्रँड स्लॅमच्या विजेत्याला २,०००.

कुठे खेळायचे हेही क्रमवारीच ठरवते. एम-१५ आणि डब्ल्यू-१५ ची नावनोंदणी स्पर्धेच्या सोमवारच्या अठरा दिवस आधी, गुरुवारी बंद होते. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी खेळाडू फोन हातात घेऊन अंदाज बांधत बसतो. कुठल्या देशात चांगले खेळाडू कमी जाणार? कुठे थेट मुख्य फेरीत नाव लागेल? दोन-तीन ठिकाणी नाव टाकून ठेवायचे, यादी लागली की एक ठरवायचे आणि मग तिकीट काढायचे. उशिरा काढलेले तिकीट महाग पडते, हे वेगळे सांगायला नको.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ सालच्या आकड्यांवरून एक हिशेब मांडला होता. प्रशिक्षकाचा खर्च न धरताही पुरुषांत साधारण ३३६ व्या आणि महिलांत २५३ व्या क्रमांकाशी जमाखर्चाची तोंडमिळवणी होत होती. त्याखालचे सगळे घरचे घालून खेळत होते. म्हणून खालच्या स्पर्धांत प्रशिक्षक क्वचितच सोबत दिसतो. खोली दोघांत घेतली जाते, आणि सोडत तशी निघाली तर रात्रीचा जोडीदार सकाळी नेटच्या पलीकडे उभा असतो.

खरी सीमारेषा शंभराच्या आसपास आहे. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ जागा असतात. त्यांपैकी १०४ क्रमवारीने भरतात, १६ पात्रता फेरीतून आणि ८ वाइल्ड कार्डने. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये मुख्य फेरीचा पहिलाच सामना हरणाऱ्याला ६६ हजार पौंड मिळाले. तेवढे मिळवायला एम-१५ च्या चाळीसेक स्पर्धा जिंकाव्या लागतील. टेनिसमध्ये माणूस किती जिंकतो यापेक्षा कुठे हरतो याला जास्त किंमत आहे, असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरणार नाही. सुमित नागलचे उदाहरण ताजे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये, एकेरीत भारताचा अव्वल खेळाडू असताना, बँकेत सुमारे ९०० युरो उरल्याचे त्याने जाहीरपणे सांगितले. चार महिन्यांनी तो मेलबर्नच्या ग्रँड स्लॅममध्ये पात्रता फेरीतून वर आला, त्याने ३१ वे मानांकन असलेल्या अलेक्झांडर बुब्लिकला सरळ तीन सेटमध्ये हरवले आणि १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळवले. २०२४ पासून एटीपी या पुरुषांच्या संघटनेने पहिल्या अडीचशे खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी द्यायला सुरुवात केली. एम-१५ च्या मांडवापर्यंत मात्र ती पोचत नाही.

मग माणसे टिकतात कशी? महाराष्ट्रात याची उत्तरे दिसतात. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून खेळली, पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमधून: शिष्यवृत्ती, शिक्षण आणि सामने एकाच छपराखाली. पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे तयार झालेल्या अंकिता रैनाला ओएनजीसीच्या नोकरीचा आधार मिळाला. काही जण युरोपात क्लबांच्या लीगमध्ये सामन्यामागे ठरलेल्या मानधनावर खेळतात. आणि दुहेरी असतेच. उसाला जसा गोठ्याचा हातभार, तशी एकेरीला दुहेरी: बक्षीस कमी, पण त्याच तिकिटात आणि त्याच खोलीभाड्यात आणखी चार पैसे. काहींच्या बाबतीत गोठाच उसापेक्षा जास्त देऊ लागतो. कढेने ऑक्टोबर २०२४ मध्ये रित्विक बोलिपल्लीसोबत अल्माटीची एटीपी स्पर्धा जिंकली ती दुहेरीचीच. बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झाची जोडीदार होती, तीही दुहेरीत.

ऋतुजा भोसलेची कारकीर्द या सगळ्याचा छेद दाखवते. एकेरीत ती पहिल्या दोनशेंत कधी आली नाही. ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ती रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीची अंतिम लढत खेळली. समोर चिनी तैपेईची जोडी. पहिला सेट २-६ असा गेला, दुसरा ६-३ असा घेतला आणि निर्णायक सुपर टायब्रेक १०-४ असा जिंकून सुवर्णपदक आले. देशभर नाव झाले. मात्र आशियाई स्पर्धेला क्रमवारीचे गुण नसतात. पदक गळ्यात असतानाही पुढच्या स्पर्धेच्या यादीत तिचे नाव आधी होते तिथेच होते.